बर्फाची परीक्षा

भारताचे शेवटचे व्हाइसरॉय म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्या लॉर्ड माउंटबॅटन यांच्यापुढे १९४२ साली एक विलक्षण प्रस्ताव आला. ते तेव्हा ब्रिटनच्या संयुक्त लष्करी कारवायांचे प्रमुख होते. अटलांटिकच्या मध्यभागी, जिथवर किनाऱ्यावरची विमाने पोचत नसत, तिथे जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवीत होत्या. जेफ्री पाइक या कल्पक आणि बराचसा विक्षिप्त गृहस्थाने सुचवले की विमाने उतरवण्यासाठी बर्फाचेच जहाज बांधावे. पोलाद वाचेल, आणि बर्फ बुडतही नाही. योजनेला बायबलमधल्या हबक्कूक या संदेष्ट्याचे नाव मिळाले. सांगूनही विश्वास बसणार नाही अशा कार्याचा उल्लेख त्याच्या ग्रंथात आहे. (सरकारी कागदांत त्या नावाचे स्पेलिंग मात्र चुकले.)

आम्हांला खरा रस आहे तो बर्फ किती भार सोसतो, या प्रश्नात. लंडनच्या स्मिथफील्ड मांसबाजाराखालच्या शीतगृहात, गोठवलेल्या धडांच्या आडोशाला, मॅक्स पेरुत्झ बर्फाच्या तुळया मोडून पाहत होते. याच पेरुत्झ यांना १९४० मध्ये ब्रिटिश सरकारने शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून पकडून कॅनडात धाडले होते! शुद्ध बर्फाचा भरवसा नसतो. एक तुळई बरेच वजन पेलते, तशीच दुसरी थोडक्यात मोडते. एकदा तडा गेला की तो थांबत नाही. पेरुत्झ यांचे व्हिएन्नातले गुरू हर्मन मार्क यांना न्यूयॉर्कमध्ये आढळले की पाण्यात लाकडाचा लगदा मिसळून गोठवल्यास तंतू तड्याची वाट अडवतात. अवघ्या ४ टक्के लगद्याने हा बर्फ वजनाच्या मानाने काँक्रीटच्या तोडीचा ठरला. त्याचे नाव पडले पायक्रीट.

कॅनडातल्या पॅट्रिशिया सरोवरावर १९४३ च्या हिवाळ्यात जहाजाची लहान प्रतिकृतीही उभी राहिली. ती बांधणारे मजूर युद्धात लढण्यास तत्त्वतः नकार दिलेले होते, आणि आपण काय बांधतो आहोत हे त्यांना सांगितलेले नव्हते.

पायक्रीट मोडत नव्हते, पण हिमनदीप्रमाणे स्वतःच्याच भाराने हळूहळू वाकत होते. ते टाळायचे तर तापमान उणे १५ अंशांच्या आसपास राखणे भाग होते. म्हणजे शीतयंत्रे, नळ्या, आवरण, आणि पुन्हा पोलाद. तोवर लांब पल्ल्याची विमाने आली, अझोर्स बेटांवर तळही मिळाला, आणि योजना गुंडाळली गेली.

पाइकने १९४८ मध्ये आत्महत्या केली. त्याच वर्षी पेरुत्झ आल्प्समधल्या हिमनदीत उभी नळी उतरवून, बर्फ वर किती सरकतो आणि तळाशी किती, हे मोजण्याच्या कामाला लागले होते.