दिवसांचा वाद की आदामाचा?

अमेरिकेतील टेनेसी राज्यात डेटन नावाचे एक लहानसे गाव आहे. १९२५ सालच्या जुलै महिन्यात तेथे जॉन स्कोप्स नावाच्या २४ वर्षांच्या शिक्षकावर खटला चालला. मनुष्य खालच्या प्रतीच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला, असे सरकारी शाळांतून शिकविण्यास त्या राज्याने त्याच वर्षी कायद्याने बंदी केली होती. ती मोडल्याचा आरोप स्कोप्सवर होता. सरकारपक्षाच्या बाजूने विल्यम जेनिंग्ज ब्रायन उभे होते. तीन वेळा अध्यक्षपदाची निवडणूक लढविलेले आणि परराष्ट्रमंत्री राहिलेले हे गृहस्थ. आरोपीचे वकील क्लॅरेन्स डॅरो यांनी २० जुलै रोजी खुद्द ब्रायन यांनाच साक्षीला बोलाविले, तेव्हा सृष्टीचे सहा दिवस २४ तासांचेच असले पाहिजेत असे नाही, हे त्यांनी कबूल केले. स्कोप्सला १०० डॉलर दंड झाला. खटला संपल्यावर पाच दिवसांनी ब्रायन वारले.

विज्ञानाने भाबडेपणाची उडविलेली फजिती म्हणून ही हकीकत सांगितली जाते. पण तीत ध्यानात घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. दिवसांचा आग्रह सोडणारे ब्रायन मनुष्याच्या उत्पत्तीविषयी मात्र तसूभरही हलले नाहीत. असे का व्हावे?

आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सृष्टीचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४००४ सालचा ठरविला. पुढे हे साल इंग्रजी बायबलच्या समासात छापले जाऊ लागले आणि शास्त्रवचनाइतकेच पूज्य झाले. परंतु श्रद्धेचे मूळ या आकड्यात नव्हते. त्याच्या कितीतरी आधी, पाचव्या शतकात, संत ऑगस्टीन यांनी सृष्टी एकाच क्षणी निर्माण झाली आणि ते सहा दिवस आपल्या नित्याच्या दिवसांसारखे नव्हेत, असा अर्थ लावला होता. त्यामुळे त्यांना कोणी नास्तिक ठरविले नाही.

खरे मूळ संत पौलाच्या विचारसरणीत आहे. एका माणसाच्या अपराधाने पाप जगात आले आणि पापाबरोबर मृत्यू आला. तसेच एका माणसाच्या द्वारे तारण आले. आदाम आणि ख्रिस्त ही अशी एकाच तराजूची दोन पारडी आहेत. कार्थेजच्या ४१८ सालच्या धर्मसभेने, आदाम पाप न करताही स्वभावतः मेलाच असता, असे मानणाऱ्यांना बहिष्कृत ठरविले. रोग कोठून आला हे ठाऊक नसेल, तर वैद्य कशासाठी आला हे कसे सांगावे?

आपल्या भाषेतही याचा उत्तम दाखला आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. त्याचे दोन भाग आहेत, आणि ख्रिस्तचरित्र येते ते दुसऱ्या भागात. पहिला भाग उत्पत्ती, पतन आणि तारकाची प्रतीक्षा यांचा आहे. नवख्या श्रोत्याला येशूची थोरवी सांगायची, तर आधी आदामाची कथा सांगितली पाहिजे, हे त्या जाणत्या कवीने ओळखले होते.

आता भूगर्भशास्त्राने केलेली अडचण उमगेल. खडकांतले जीवाश्म म्हणजे मेलेल्या प्राण्यांचे अवशेष. ते मनुष्याहून कोट्यवधी वर्षे जुने असतील, तर मृत्यू पापाच्या आधीपासूनच जगात होता. म्हणूनच व्हिटकॉम्ब आणि मॉरिस यांनी १९६१ साली ‘द जेनेसिस फ्लड’ या ग्रंथात हे थर नोहाच्या जलप्रलयाने बनल्याचे प्रतिपादन केले. विज्ञान म्हणून ते टिकणारे नाही. पण त्यामागची तळमळ खडकांविषयी नाही, वधस्तंभाविषयी आहे.

याउलट पोप पायस बारावे यांनी १९५० साली मनुष्यदेहाच्या उत्क्रांतीविषयी संशोधनाला मोकळीक दिली, मात्र मानवजातीची मूळ माणसे अनेक होती हे मत मूळ पापाच्या सिद्धान्ताशी कसे जुळावे ते दिसत नाही, असे बजावले. त्यांनी दिवस सोडले, आदाम सोडला नाही. डेटनमध्ये ब्रायन यांनीही तेच केले होते. आज आनुवंशिकी सांगते की आपले पूर्वज एका जोडप्याएवढे कधीच नव्हते, हजारोंच्या समूहात होते. अनेक श्रद्धावान ख्रिस्ती शास्त्रज्ञांनी हे स्वीकारले आहे. आदामाला ते समूहाचा प्रतिनिधी किंवा प्रत्येक मनुष्याच्या स्खलनाचे चित्र मानतात. मनुष्य आपल्या बळावर सुटू शकत नाही, हा अनुभव त्यांना पुरेसा वाटतो. तो खरोखर पुरतो काय, याचा निर्णय ख्रिस्ती समाजालाच करावयाचा आहे.

आपण बाहेरून पाहणाऱ्यांनी इतके तरी जाणावे की, शब्दशः श्रद्धा ठेवणारा हा केवळ हटवादी नसतो. एक वीट काढली तर इमारत उभी राहील काय, ही त्याची शंका आहे. तिची टवाळी करता येते. परंतु टवाळी म्हणजे उत्तर नव्हे.