दारापाशी उभी असलेली माणसे

रायगडावरील हिरकणीची आख्यायिका मराठी वाचकास नव्याने सांगण्याचे कारण नाही. सूर्यास्तानंतर गडाचे दरवाजे मिटले, तान्ह्या लेकराच्या ओढीने ती गवळण काळोखात कडा उतरून घरी गेली, आणि महाराजांनी तिचा गौरव करून, जेथून ती उतरली तेथे बुरूज बांधविला. या कथेत आपण आईची माया पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तीच कथा किल्लेदाराच्या नजरेने वाचली तर तीत आणखी एक गोष्ट आढळते. दरवाजाचा नियम पक्का होता. कड्याचा विचार मात्र कोणी केला नव्हता. ती वाट आहे हे कळले ते कोणी तरी त्या वाटेने गेल्यानंतर. बुरूज उभा राहिला तो त्याच्याही नंतर.

विमानप्रवासाच्या सुरक्षिततेचा इतिहास हा अशाच बुरुजांचा इतिहास आहे. विमानात आपले स्वागत करणाऱ्या, पट्टा बांधावयास सांगणाऱ्या व चहा आणून देणाऱ्या कर्मचाऱ्यांना आज जे नियम पाठ करावे लागतात, त्यांतील बहुतेक कलमांमागे एखादी तारीख उभी आहे. सरकारी कचेरीत परिपत्रके हाताळण्यात ज्यांचे आयुष्य जाते, त्या आपल्यासारख्या मंडळींना हे समजावयास कठीण नाही. परिपत्रक कोरडे असते. पण ते ज्या प्रसंगामुळे निघाले तो प्रसंग कोरडा नसतो. त्यांतील काही प्रसंग येथे क्रमाने मांडावयाचे आहेत.

या व्यवसायाचा आरंभ सुरक्षिततेच्या नव्हे, तर शुश्रूषेच्या कल्पनेतून झाला. 15 मे 1930 रोजी एलन चर्च ही अमेरिकन परिचारिका बोइंग एअर ट्रान्सपोर्ट कंपनीच्या विमानात सेविका म्हणून चढली. तिच्यासह निवडलेल्या आठही स्त्रिया परिचारिकाच होत्या. त्या काळी विमाने खालून उडत, हेलकावे खात, प्रवाशांना मळमळ होई, भीती वाटे. परिचारिका जवळ असली म्हणजे धीर येतो, हा साधा हिशेब त्यामागे होता. पुढे कंपन्यांनी धीराच्या जागी रूपाची जाहिरात केली, आणि आपण मराठीत ‘हवाई सुंदरी’ हा शब्द रूढ केला. या शब्दाने एक नुकसान झाले. ज्या व्यक्तीवर संकटात शेकडो प्राण अवलंबून राहावयाचे, तिची ओळख आपण तिच्या चेहऱ्यावरून ठरवून टाकली.

भारतीय विमानवाहतुकीला घातपाताचा मोठा धक्का बसला तो 11 एप्रिल 1955 रोजी. बांडुंग परिषदेसाठी निघालेल्या चिनी शिष्टमंडळातील काही सदस्य व पत्रकार यांना घेऊन एअर इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे भाड्याने घेतलेले विमान हाँगकाँगहून जकार्ताकडे निघाले. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांना लक्ष्य करून त्यात कालबॉम्ब ठेवण्यात आला होता. पण ते त्या विमानात नव्हते. दक्षिण चिनी समुद्रावर स्फोट झाला. विमानातील 19 जणांपैकी 16 मृत्यू पावले. कप्तान दामोदर काशिनाथ जटार जळते विमान समुद्रावर उतरविण्याची शर्थ करीत असताना सेविका ग्लोरिया बेरी यांनी प्रवाशांना प्राणरक्षक जाकिटे वाटली. दोघेही वाचले नाहीत. सहवैमानिक दीक्षित, मार्गदर्शक पाठक व अभियंता अनंत कर्णिक हे तिघे पोहून वाचले. कर्णिकांनी पुढे या प्रसंगावर पुस्तकही लिहिले. या पाचही जणांच्या शौर्याचा भारत सरकारने सन्मान केला.

या घटनेचा बोध कोणता? बॉम्ब ठेवल्याचा संशय आला तो हाँगकाँगच्या विमानतळावर काम करणाऱ्या एका सफाई कामगारावर, आणि तो अटकेपूर्वीच तैवानला निसटला. म्हणजे धोका प्रवासी म्हणून चढला नव्हता. विमान जमिनीवर उभे असताना त्याच्या आसपास वावरण्याचा ज्याला परवाना होता, त्याच्या हातून तो आला. आज प्रवासी चढण्यापूर्वी केबिनमधील कर्मचारी आसनांचे खिसे, आसनाखालील जाकिटांच्या जागा, स्वच्छतागृहे, सामानाचे कप्पे व स्वयंपाकाची जागा तपासतात. खाद्यपदार्थांच्या पेट्यांची मोहोर शाबूत आहे की नाही ते पाहतात. प्रवाशाला ही तपासणी दिसत नाही, कारण ती तो येण्यापूर्वी उरकलेली असते. जो येऊन गेला त्याच्यावर विश्वास न ठेवता स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, हे तिचे सूत्र होय.

यानंतरचे पर्व विमान-अपहरणाचे. 1968 ते 1972 या पाच वर्षांत एकट्या अमेरिकेत अपहरणाचे शंभरावर प्रयत्न झाले. त्यांतील पुष्कळसे क्यूबाकडे जाण्यासाठी होते. आपल्याकडे 30 जानेवारी 1971 रोजी श्रीनगरहून जम्मूस निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे फोकर विमान दोन तरुणांनी लाहोरला नेले. त्यांच्याजवळचे पिस्तूल खोटे होते आणि हातबॉम्ब लाकडाचा होता, असे मागाहून उघड झाले. प्रवासी व कर्मचारी सुखरूप परतले, विमान मात्र जाळण्यात आले. भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास बंदी केली, आणि पश्चिम व पूर्व पाकिस्तानातील हवाई वाट त्या निर्णायक वर्षात लांब पडली. लाकडाच्या एका तुकड्याने दोन देशांचे व्यवहार बदलावेत, ही इतिहासाची विलक्षण रीत म्हणावी लागेल.

जगभर तेव्हा कर्मचाऱ्यांना शिकवण होती ती संयमाची. अपहरणकर्त्याला विरोध करू नका, त्याचे ऐका, त्याला बोलते ठेवा, वेळ काढा, विमान जमिनीवर येऊ द्या; पुढचे काम सरकारचे. ही शिकवण भित्रेपणाची नव्हती. अपहरणकर्त्याला आश्रय, पैसा, कैद्यांची सुटका किंवा प्रसिद्धी हवी असे. स्वतःला मरण नको असे. जोवर त्याला जगावयाचे होते, तोवर वाटाघाटीस जागा होती.

10 सप्टेंबर 1976 रोजी इंडियन एअरलाइन्सचे आणखी एक विमान पळविले गेले. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी 1978 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात सुरक्षेचा एक कक्ष स्थापन झाला. पुढे 23 जून 1985 रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ स्फोटाने कोसळले आणि 329 माणसे गेली. ज्या सामानात बॉम्ब होता, त्या सामानाचा धनी विमानात चढलाच नव्हता. या दुर्घटनेच्या पाठोपाठ 1 एप्रिल 1987 रोजी त्या कक्षाचे रूपांतर ‘नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरो’ या स्वतंत्र खात्यात झाले. दार बंद होण्यापूर्वी सेविका आसनांच्या रांगांमधून डोकी मोजीत जाते, तेव्हा घाईतील प्रवासी कपाळाला आठ्या घालतो. नोंदीपेक्षा एक डोके कमी भरले तर त्या माणसाचे सामान पोटात घेऊन विमानाने उडावयाचे नाही, हा नियम किती प्राणांच्या मोलाने आला, हे त्याच्या ध्यानी नसते.

तथापि नियम कोठे संपतो आणि माणूस कोठे सुरू होतो, हे दाखविणारा प्रसंग कराचीचा. 5 सप्टेंबर 1986 रोजी मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे न्यूयॉर्ककडे निघालेले पॅन ॲम कंपनीचे विमान कराचीस उभे असताना सुरक्षारक्षकांच्या वेषातील चार सशस्त्र इसम आत शिरले. केबिनमधून कॉकपिटला ठरलेला इशारा गेला, आणि वैमानिक छतावरील झडपेतून बाहेर पडले. वैमानिकच नसल्याने विमान उडणे अशक्य झाले. हा डाव योग्यच होता. पण त्यामुळे साडेतीनशेहून अधिक प्रवाशांसह विमानात उरले ते केबिनमधील कर्मचारी, आणि त्यांची प्रमुख होती मुंबईत वाढलेली नीरजा भनोत. तिचा तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता.

अपहरणकर्त्यांनी अमेरिकन प्रवासी हुडकण्यासाठी पासपोर्ट गोळा करावयास सांगितले. नीरजा व तिच्या सहकाऱ्यांनी ते गोळा केले. मात्र अमेरिकन पासपोर्ट गुपचूप लपवून टाकले. आज्ञा पाळल्यासारखी दिसावी आणि तिचा हेतू मात्र सिद्ध होऊ नये, ही युक्ती कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेली नव्हती. सतरा तासांनंतर विमानातील वीज गेली, अंधार पडला आणि गोळीबार सुरू झाला. नीरजाने दार उघडले. प्रथम स्वतः उतरणे तिला शक्य होते. तिने प्रवाशांना वाट करून दिली आणि मुलांना वाचविताना ती गोळ्यांना बळी पडली. सुमारे वीस माणसे त्या दिवशी गेली, शेकडो वाचली. भारताने तिला मरणोत्तर अशोकचक्र अर्पण केले.

संयमाच्या शिकवणीने अनेक वर्षे काम दिले. 24 डिसेंबर 1999 रोजी काठमांडूहून दिल्लीस येणारे इंडियन एअरलाइन्सचे विमान पळविले गेले आणि कंदाहारचे ते आठ दिवस सर्वांनी श्वास रोखून काढले, तेव्हाही कर्मचाऱ्यांनी त्याच मार्गाने प्रवाशांना सांभाळले. एका प्रवाशाची हत्या झाली, देशाला तीन कैदी सोडावे लागले. पण वाटाघाट तरी शक्य झाली. 11 सप्टेंबर 2001 रोजी ही शिकवण एका सकाळीत कालबाह्य झाली. त्या दिवशीच्या अपहरणकर्त्यांना काहीच मागावयाचे नव्हते. विमान हेच त्यांचे शस्त्र होते. बोस्टनहून निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या विमानातून बेटी ओंग या सेविकेने कंपनीच्या कचेरीला दूरध्वनी केला, आणि सुमारे पंचवीस मिनिटे ती शांतपणे माहिती देत राहिली : कॉकपिटमधून उत्तर येत नाही, सहकाऱ्यांना भोसकले आहे. तिची सहकारी एमी स्वीनी हिने अपहरणकर्त्यांचे आसनक्रमांक कळविले. आकाशात काय घडते आहे हे जमिनीवरील लोकांना प्रथम समजले ते या दोघींमुळे. त्या परत येणार नव्हत्या. पण पुढच्या चौकशीचा धागा त्यांनीच हाती दिला.

यानंतरचा बुरूज म्हणजे कॉकपिटचे दार. 1 नोव्हेंबर 2003 पासून मोठ्या प्रवासी विमानांत गोळी व घाव सोसणारे, आतून बंद होणारे दार आंतरराष्ट्रीय नियमाने आवश्यक ठरले. दारापलीकडील व्यक्तीला पाहून, ओळख पटवूनच ते उघडावयाचे. या दाराचा अर्थ कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने नीट समजून घेतला पाहिजे. केबिनमध्ये काहीही घडो, दार उघडावयाचे नाही. म्हणजे सेविका दाराच्या बाहेर, प्रवाशांसह, संकटाच्या बाजूला उभी असते. पूर्वी कप्तान बाहेर येऊन दंगेखोराला दटावीत असे. आता ती सोय उरली नाही. दार जितके भक्कम झाले, तितका दाराबाहेरच्यांचा भार वाढला.

आणि बुरूज बांधून झाला तरी कडा दुसरीकडे निघतोच. 22 डिसेंबर 2001 रोजी पॅरिसहून मियामीस जाणाऱ्या विमानात एक प्रवासी बुटात दडविलेले स्फोटक पेटवू पाहत होता. जमिनीवरील तपासणीतून तो सुटला होता. काडीचा वास आला म्हणून सेविका हर्मिस मूटार्डियर त्याच्यापाशी गेली, क्रिस्टिना जोन्स मदतीस धावली, प्रवाशांनी त्याला जखडले आणि विमान वाचले. उलटपक्षी 24 मार्च 2015 रोजी जर्मनविंग्जच्या विमानात सहवैमानिकानेच कप्तान बाहेर गेल्यावर दार आतून लावून घेतले व विमान आल्प्सच्या डोंगरावर आपटविले. दीडशे माणसे गेली. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी केलेल्या दाराने त्या दिवशी कप्तानाला बाहेर ठेवले.

हे सारे वाचून नियम व्यर्थ आहेत असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो चूक ठरेल. नियमांमुळेच लक्षावधी उड्डाणे निर्विघ्न होतात. परंतु नियम हा मागील संकटाचा अभ्यास असतो. पुढील संकट त्याला ठाऊक नसते. त्या दोहोंमधील अंतर कोणी तरी, त्या क्षणी, जवळ काहीही शस्त्र नसताना भरून काढावे लागते, आणि विमानात हे काम सर्वांत कमी अधिकाराच्या माणसांकडे येते.

2016 च्या विमान-अपहरणविरोधी कायद्याने शिक्षा कडक केल्या. 2017 च्या नियमांनी बेशिस्त प्रवाशांच्या वर्तनाच्या तीन पायऱ्या ठरविल्या : शाब्दिक त्रासासाठी तीन महिन्यांपर्यंत, अंगावर जाण्यासाठी सहा महिन्यांपर्यंत आणि प्राणघातक कृत्यासाठी किमान दोन वर्षे विमानबंदी. हे चांगलेच झाले. मात्र पहिल्या पायरीवर उभे राहणारे लोक हे बहुधा आपल्यासारखेच सुशिक्षित, पदावरचे व आपल्या पदाची जाणीव असणारे असतात, हे विसरता कामा नये. बदलीच्या गावाहून गणपतीला किंवा दिवाळीला घरी निघालेल्या अधिकाऱ्याला, त्याचे ओळखपत्र न पाहता, ‘साहेब, पिशवी वरच्या कप्प्यात ठेवा’ असे सांगणारी मुलगी त्याचा अपमान करीत नसते. वाट मोकळी राहावी हा तिचा हेतू असतो, आणि ती वाट कोणासाठी मोकळी ठेवावयाची हे तिला शिकविलेले असते.

जटार, बेरी आणि भनोत यांना देशाने मान दिला, तो त्यांच्या मृत्यूनंतर. जी माणसे आज त्याच दारापाशी उभी आहेत, त्यांना अशोकचक्र नको आहे. त्यांच्या शब्दाला, तो उच्चारला जाताच, मान मिळावा एवढीच त्यांची गरज आहे. आणि ती भागविणे कोणत्याही खात्याच्या हाती नसून आसनावर बसलेल्या आपल्या हाती आहे.