कॅरेक्टर शीट कोणाच्या मालकीची?

१९७४ साली अमेरिकेतल्या लेक जिनीव्हा या लहानशा गावातून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाजारात आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. तीन पातळ पुस्तिकांची एक पेटी, किंमत दहा डॉलर, पहिल्या खेपेला हजार पेट्या. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि त्या पात्राच्या तोंडून बोलत, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. आज अशा प्रत्येक खेळाडूसमोर कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची सगळी नोंद असलेला कागद, असते. त्या पेटीत ती नव्हती. कोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहून घ्यायचं, एवढंच.

पहिल्या पुस्तिकेत एक नमुना मात्र दिला होता. झायलार्थन नावाचा जादूगार. बुद्धी ११, शहाणपण १३. हा धर्मगुरू झाला असता तर लवकर वर चढला असता, पण खेळाडूला जादूची आवड, म्हणून त्याने जादूगार केला, असा खुलासा तिथेच जोडला आहे. या सगळ्या इतिहासात मला हीच नोंद सर्वांत मोलाची वाटते. फाशांनी आकडे दिले आणि त्यातून कोण घडवायचं ते खेळाडूने ठरवलं.

या खेळाचं मूळ लष्करी आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ या अधिकाऱ्याचा ‘क्रीगश्पील’ शिरला. नकाशावर पलटणी हलवायच्या, फासे टाकायचे, निकाल पंचाने द्यायचा. त्यात माणूस एकेकटा नव्हताच, होत्या तुकड्या. १९६९ साली मिनेसोटात डेव्हिड वेस्ली यांनी ‘ब्राउनश्टाइन’ या डावात प्रत्येक खेळाडूला एकच माणूस आणि त्याचा एक हेतू दिला. आर्नेसन त्याच टोळक्यातले. पलटणीची नोंद पंचाच्या वहीत राहिली तरी चालायचं. एकट्या माणसाची नोंद मात्र खेळाडूला स्वतःजवळ हवीशी वाटू लागली.

पात्राची नोंद कागदाशिवायही पिढ्यानपिढ्या टिकते. डहाणू-तलासरीच्या किनारपट्टीकडून पूर्वेला जव्हार-मोखाड्याच्या डोंगराकडे निघालं की बोहाड्याचा, म्हणजे मुखवटे घालून सोंगं नाचवायच्या उत्सवाचा, मुलूख लागतो. रात्रभर टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर एकामागून एक सोंगं येतात : गणपती, सरस्वती, रावण आणि शेवटी देवी आणि महिषासुर. बऱ्याच गावांत कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं हे वंशपरंपरेने ठरलेलं असतं. मुखवटा त्या घरी जपला जातो. चाल कशी, पावलं किती, हत्यार कोणत्या हातात, हे बापाकडून मुलाकडे जातं. सोंगाची सगळी माहिती त्या घराच्या अंगात असते आणि हक्कही त्याच घराचा, ही गोष्ट पुढे लागणार आहे.

कागदावरचं पात्र मात्र वेगाने जड होत गेलं. १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’ या अंतराळातल्या खेळाने पात्र फार सुटसुटीत मांडलं. सहा गुण, प्रत्येकाला एक चिन्ह, नऊच्या पुढे ए, बी, सी अशी अक्षरं, म्हणजे अख्खा माणूस सहा चिन्हांत मावला. इतकी काटकसर मला आजही लोभस वाटते. इतर खेळांनी उलटी वाट धरली. तक्ते वाढले, पुरवण्या आल्या, आणि १९७९ पर्यंत गायगॅक्स यांची टीएसआर कंपनी रकाने आखलेल्या छापील शीट स्वतःच विकू लागली.

रकाने एकमेकांना कसे बांधलेले असतात ते ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत पाहण्यासारखं आहे. तुमच्या पात्राची चपळाई १४ आहे. तुम्ही ठरवता की तो एल्फ या जमातीचा असावा. एल्फला चपळाईत २ मिळतात आणि काटकपणातून २ जातात. चपळाई १६ झाली, म्हणून फाशात मिळवायचा तिचा अधिकांक २ वरून ३ वर गेला. लगेच त्याच्यावर वार लागणं अवघड झालं, झटकन बाजूला होण्याचा आकडा वाढला, लढाईत आधी खेळण्याची शक्यता वाढली, धनुष्याचा नेम सुधारला. तिकडे काटकपणा घटल्याने प्रत्येक पातळीवर मिळणारं आयुष्य कमी झालं. एक शब्द बदलला आणि अर्धा कागद खोडावा लागला. गुणांपुढचा कागद खोडरबराने झिजून भोक पडलेली शीट ज्याने हातात धरली आहे, त्याला सॉफ्टवेअर का हवंसं झालं ते वेगळं सांगायला नको.

तोवर प्रयत्न झालेच होते. १९९६ साली टीएसआरने नियमांची सीडी काढली, तीत पात्र घडवायची सोय होती. पण खरा पालट २००० चा. खेळ आता विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे होता आणि तिथल्या रायन डॅन्सी यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यांकडे पाहून ‘ओपन गेम लायसन्स’ आणलं. नियमांचा मूळ गाभा कोणीही वापरावा, त्यावर रचावं. त्याच वर्षी ब्रायन मॅकरेनॉल्ड्स यांनी जावा भाषेत ‘पीसीजेन’ सुरू केलं, फुकट आणि सोर्ससकट खुलं. त्याची मांडणी शहाणपणाची होती. नियम प्रोग्रॅमच्या पोटात कोंबले नाहीत, साध्या मजकूर-फायलींत ठेवले. एल्फची एक ओळ, तलवारीची एक ओळ. प्रोग्रॅमिंग न येणाराही आपल्या घरच्या खेळातली नवी जमात त्यात घालू शकत असे. स्वयंसेवकांनी पुस्तकंच्या पुस्तकं अशी उतरवली, आणि तिथेच ठेच लागली : खुल्या परवान्यात नसलेल्या पुस्तकांचा मजकूर काढून टाकावा लागला. आकडेमोड खुली होती, मजकूर नव्हता.

त्यानंतरचा इतिहास याच हद्दीवर घडला. चौथ्या आवृत्तीसाठी कंपनीने स्वतःचा कॅरेक्टर बिल्डर दिला. आधी तो आपल्या कॉम्प्युटरवर उतरवता येई. २०१० मध्ये तो ऑनलाइन झाला, सिल्व्हरलाइट या मायक्रोसॉफ्टच्या तंत्रावर, वर्गणी भरणाऱ्यांपुरता. सिल्व्हरलाइटचे दिवस भरले आणि १ जानेवारी २०२० ला ती सेवा बंद झाली. १९७४ च्या पेन्सिलीचा कागद आजही वाचता येतो.

२०१७ मध्ये आलेल्या ‘डीअँडडी बियॉण्ड’ने मोबाइलवर शीट इतकी सोपी केली की नवख्याला रकान्यांची भीतीच उरली नाही, आणि हे काम खरोखर मोठं आहे. २०२२ मध्ये विझार्ड्सची मालक कंपनी हॅस्ब्रोने ती सेवा १४ कोटी ६३ लाख डॉलरला घेतली. ऑगस्ट २०२४ मध्ये नवं पुस्तक येण्याच्या तोंडावर कंपनीने सांगितलं की शीटमधले जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू जाऊन नव्या आवृत्तीतल्या येतील. म्हणजे दोन-तीन वर्षं चाललेल्या डावातलं पात्र खेळाडूला न विचारता बदलणार. खेळाडू एवढे खवळले की काही दिवसांत निर्णय फिरला. माझ्या मते खेळाडूंचं पूर्णपणे बरोबर होतं. झायलार्थनला जादूगार करण्याचा अधिकार ज्याचा, मंत्र बदलण्याचाही त्याचाच.

परवान्यावरूनही असाच संघर्ष झाला होता. जुनं लायसन्स रद्द करू पाहणारा मसुदा २०२३ च्या जानेवारीत फुटला, ओरड झाली, आणि महिना संपायच्या आत कंपनीने पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली खुला केला. तो परवाना मागे घेता येत नाही. मूळ कर्त्याचा उल्लेख करून कोणीही त्या नियमांचं मराठी भाषांतर करू शकतो, विकूही शकतो.

मराठी कॅरेक्टर शीट करणाऱ्याची वाट म्हणूनच आता बरीच मोकळी आहे. अडचण उरते ती कारागिरीची. भरता येणाऱ्या पीडीएफच्या रकान्यात मराठी टंकलं की बऱ्याचदा जोडाक्षरं तुटतात, म्हणून शीट वेब-पानावर बांधून तिथून छापणं बरं. नियम पीसीजेनसारखे वेगळ्या मजकूर-फायलींत ठेवावेत. आणि कोणाला त्यात एल्फऐवजी बोहाड्यातली सोंगं आणायची असतील, तर कंपनीचा परवाना तिथे कामाचा नाही. आधी त्या घरी जाऊन विचारावं लागेल, आणि होकार मिळाला तर फायलीतल्या त्या ओळीत आणखी दोन रकाने लागतील : सोंग कोणत्या गावचं आणि कोणत्या घरचं.