पदवीच्या मुलींनी लिहिलेले पेपर: वेल्स्ली आणि व्हासारच्या प्रयोगशाळा

‘पदवीला केलेलं संशोधन’ म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना शेवटच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट आठवतो. आयती प्रश्नावली घ्यायची, वर्गातल्याच पोरांकडून भरून घ्यायची, स्पायरल बाइंडिंग, व्हायवा, की झालं. आता चार वर्षांच्या पदवीत ‘ऑनर्स विथ रिसर्च’ आलंय, त्यामुळे मला वारंवार एक प्रश्न विचारला जातो: वीस-एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याकडून खरं संशोधन होतं का? आणि झालं, तर ते कोणाचं? त्याचं की गाईडचं?

मानसशास्त्रात हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षं जुना आहे. त्याची उत्तरं अमेरिकेतल्या मुलींच्या दोन कॉलेजांत मिळतात, म्हणून आज त्यांच्याबद्दल.

आधी मेरी व्हिटन कॅल्किन्स. या वेल्स्ली कॉलेजात ग्रीक शिकवायच्या. कॉलेजला मानसशास्त्राचा विषय सुरू करायचा होता, आणि त्यासाठी कॅल्किन्सना आधी एक वर्ष शिकून यायला सांगितलं गेलं. १८९० मध्ये हार्वर्डने त्यांना वर्गात बसू दिलं, पण पाहुणी म्हणून. विद्यार्थिनी म्हणून नाव नोंदवलं नाही. विल्यम जेम्स यांच्या सेमिनारमधले बाकीचे विद्यार्थी पहिल्या काही आठवड्यांतच गळाले. उरल्या एकट्या कॅल्किन्स. जेम्सचा ‘प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’ हा ग्रंथ नुकताच छापून आला होता. शेकोटीच्या एका बाजूला लेखक, दुसऱ्या बाजूला वाचक, असा तो ‘वर्ग’ चालला. मार्गदर्शनाखाली स्वतंत्र वाचन म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

प्रयोगाचं काम त्या क्लार्क विद्यापीठाच्या एडमंड सॅनफर्ड यांच्याकडे शिकल्या. दोघांनी मिळून स्वप्नांचा अभ्यास केला. रात्री वेगवेगळ्या वेळी गजर लावायचा, जाग आली की लगेच स्वप्न लिहून काढायचं. कॅल्किन्सनी ५५ रात्रींत २०५ स्वप्नं नोंदवली, सॅनफर्डनी ४६ रात्रींत १७०. उपकरण काय, तर गजराचं घड्याळ आणि कागद! निष्कर्षही साधाच निघाला: स्वप्नांतली माणसं नि जागा बहुतांशी नुकत्याच जगलेल्या दिवसांतल्या असतात. पण हे मोजून सांगणं त्या काळी नवं होतं, आणि १८९३ मध्ये ते प्रसिद्धही झालं.

दरम्यान १८९१ मध्ये कॅल्किन्सनी वेल्स्लीत प्रयोगशाळा उघडली होती. पदवीच्या मुली तिथे संवेदना, साहचर्य, स्मृती यांवरचे प्रयोग स्वतःच्या हातांनी करत. पुढे हार्वर्डमध्ये कॅल्किन्सनी पीएचडीच्या तोडीचं काम पूर्ण केलं, १८९५ मध्ये परीक्षकांसमोर ते उत्तम ठरलं, तरी बाई म्हणून हार्वर्डने पदवी दिली नाही ती नाहीच. १९०५ मध्ये त्या अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, पदवीशिवाय.

दुसरं नाव मार्गारेट फ्लॉय वॉशबर्न. मला खरं तर यांच्याबद्दलच लिहायचं होतं. १८९४ मध्ये कॉर्नेलहून टिचनर यांच्या हाताखाली पीएचडी. मानसशास्त्रात ही पदवी मिळवणारी पहिली स्त्री. १९०३ मध्ये त्या व्हासारला, म्हणजे आपल्याच जुन्या कॉलेजात शिकवायला आल्या. १९०५ पासून ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकॉलॉजी’मध्ये व्हासारच्या प्रयोगशाळेतले अभ्यास छापून यायला लागले, ते पुढची तीसेक वर्षं येत राहिले. साठाहून जास्त पेपर, शंभराहून जास्त सहलेखिका, आणि त्या बहुतांशी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनी.

कामाची वाटणी ठरलेली असे. प्रश्न आणि पद्धत वॉशबर्न सुचवणार, प्रयोग नि निकालांची आकडेमोड मुली करणार, लिखाण पुन्हा वॉशबर्न करणार. पेपरवर दोघींचं नाव. विषय मुद्दाम छोटे: रंगाच्या पट्टीचा आकार बदलला तर तो रंग कमी-जास्त आवडतो का, नुसते उच्चार कानाला गोड-कडू लागतात का. एका शैक्षणिक वर्षात, हाताशी असलेल्या मैत्रिणींवर पुरा होईल एवढाच प्रश्न. सिनॉप्सिस लिहिताना ‘भारतीय समाजातील’ असं सुरू करणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

काही पेपरांवर विद्यार्थिनीचं नाव आधी आणि वॉशबर्न शेवटी असं दिसतं. लगेच भारावून जाऊ नका; इंग्रजी वर्णमालेत ‘डब्ल्यू’ तसाही शेवटाकडेच येतो! नावांच्या क्रमावरून मनाचा मोठेपणा सिद्ध होत नाही. पण नाव मुळात असणं, हे महत्त्वाचं. आजही डेटा गोळा करणाऱ्या पोरांची बोळवण आभाराच्या एका ओळीत झालेली मी पाहिली आहे, तीही स्पेलिंग चुकवून.

याची दुसरी बाजूही आहे. प्रश्न मुलींचा नव्हता आणि लेखनही नव्हतं. मग हे शिक्षण की मनुष्यबळ? माझं मत असं की पहिल्या वर्षी दुसऱ्याचा प्रश्न घेऊन काम करण्यात काही कमीपणा नाही. मोजमाप, नोंदी, आकड्यांशी प्रामाणिक राहणं हे आधी हातात बसावं लागतं. पण प्रश्न कुठून येतो हे शेकोटीपाशी बसून वाचल्याशिवाय कळत नाही, आणि व्हासारच्या त्या वाटणीत मुलींच्या हिश्शाला ते आलेलं दिसत नाही.

वॉशबर्न स्वतः व्हासारमध्ये पदव्युत्तर विद्यार्थिनी घ्यायला तयार नसत. मुलींनी पुढचं शिक्षण मोठ्या विद्यापीठात, मुलांच्या बरोबरीने घ्यावं, असं त्यांचं म्हणणं. त्याची किंमत त्यांनीच मोजली. टिचनरसारखी पीएचडी शिष्यांची फळी त्यांच्यामागे उभी राहिली नाही, आणि हालचालींतून मन समजावून घेणारा त्यांचा सिद्धांत पुढे नेणारं फारसं कोणी उरलं नाही. १९३१ मध्ये नॅशनल अॅकॅडमी ऑफ सायन्सेसवर निवड होऊनही!

त्या जर्नलचे १९१० च्या आसपासचे अंक मिळाले तर व्हासारचा एखादा पेपर काढून बघा. काही तर दोन-चार पानांचेच आहेत, चहा निवायच्या आत वाचून होतात.