दीड रुपयाची प्लेट आणि कमाटी बाग



भाचीला यंदा एम.एस. युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला. नाशिकहून तिचा फोन आला, "मामा, तू चाळीस वर्षं तिथे राहतोयस. कमी पैशात चांगलं खायला कुठे मिळतं आणि सुट्टीच्या दिवशी करायचं काय, एवढं लिहून पाठव." म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे. बसलो तो रात्री एक वाजेपर्यंत. यादी तिला पाठवली. यादीत जे घालता आलं नाही ते इथे लिहितोय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मी बडोद्याला आलो १९८३ च्या जूनमध्ये. नंदुरबारला गाडीत चढलो तेव्हा डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीपाशी बसलेला माझ्याच वयाचा एक मुलगा सरकला आणि म्हणाला, "ये, अर्ध्यावर बस." तो भुसावळहून येत होता. सुरतेला गाडी बदलताना कळलं की दोघं बडोद्यालाच चाललोय. त्याला कलाभवनात इंजिनिअरिंगला प्रवेश होता, मला कॉमर्सला. झालं, दोस्ती जमली.

आमच्या खिशात तेव्हा काय असायचं ते नव्या मुलांना सांगूनही पटणार नाही. घरून मनीऑर्डर यायची, ती पंधरा तारखेपर्यंत पुरली तर नशीब. पण गरीब विद्यार्थ्याला बडोद्यासारखं गाव नाही, हे मी आजही सांगेन. कारण इथलं चांगलं ते बरंचसं फुकट होतं, आणि ते तसं असावं म्हणून कुणीतरी आधी विचार करून ठेवला होता.

तो कुणीतरी म्हणजे आपले सयाजीराव महाराज. मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावचा मुलगा १८७५ साली गादीवर आला आणि १९३९ पर्यंत राज्य केलं. कमाटी बाग १८७९ ची, बडोदा कॉलेज १८८१ चं, गायनशाळा १८८६ ची, कलाभवन १८९० चं. याच कलाभवनात पुढे सिनेमावाले दादासाहेब फाळके शिकले. म्युझियम १८९४ चं, मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी १९१० ची. १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. युनिव्हर्सिटी १९४९ ची, म्हणजे महाराज गेल्यावर दहा वर्षांनी, पण पाया त्यांचाच.

तर आमचा रविवार असा जायचा. सकाळी सेंट्रल लायब्ररी. तिथले लोखंडी कपाटांचे मजले आणि काचेची जमीन बघायलाच आम्ही आधी गेलो होतो, मग मराठी पुस्तकांचा साठा सापडला आणि तिथलेच झालो. दुपारी म्युझियम, नाममात्र तिकीट. इजिप्तची ममी आणि निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा. गावाकडून कुणी आलं की आधी तो मासा दाखवायचा, हा आमचा शिरस्ता. कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांनी रंगवलेल्या भिंती. संध्याकाळी सूरसागरच्या कठड्यावर पाय सोडून बसायचं, तेव्हा मधोमधचा उंच शंकर अजून यायचा होता. पावसाळ्यात विश्वामित्रीच्या पुलावर उभं राहून मगर दिसते का बघायचं. दिसायची बरं का! चौदा जानेवारीला कुणाच्याही गच्चीवर पतंग, गणपतीत दांडिया बाजार आणि रावपुरा पालथा घालायचा, नवरात्रात फाइन आर्ट्सचा गरबा. मला गरबा कधीच आला नाही. मित्राला आठ दिवसांत आला.

आता खाण्याचं. होस्टेलच्या मेसमध्ये डाळ गोड. मराठी पोराला पहिला महिना ती डाळ म्हणजे शिक्षाच. महिना अखेरीस भूक भागवायला लीलो चेवडो आणि ब्रेड. चेवडो म्हणजे आपला चिवडा, पण ओलसर, बटाटा आणि हरभऱ्याच्या डाळीचा, गोडसर. पैसे आले की दांडिया बाजारात कॅनरा कॉफी हाऊसमध्ये 'पुना मिसळ'. गुजरातेत कानडी नावाच्या हॉटेलात पुण्याची मिसळ! आणि या सगळ्यांवर राज्य सेव उसळचं.

बाहेरच्यांसाठी सांगतो. सेव उसळ म्हणजे वाटाण्याची उसळ, वर पातळ तिखट रस्सा, त्यावर जाड शेव, कांदा, लिंबू, आणि सोबत पाव. तरी वेगळी मागायची. "थोडी तरी नाखो ने भाई," हे माझं पहिलं गुजराती वाक्य, आणि त्यातले महत्त्वाचे शब्द गुजराती होते की मराठी, हे मला आजही सांगता येत नाही. गुजराती पाट्यांवर 'उसळ' हा शब्द अगदी आपल्या 'ळ'सकट लिहिलेला असतो. गायकवाडांच्या मागोमाग इथे सरदार आले, कारकून आले, शास्त्री आले, आचारी आले. वाडे पडले, दफ्तरं अभिलेखागारात गेली, आपल्यातल्या कितीतरी घरांत आता नातवंडं मराठी वाचत नाहीत. पण कीर्तिस्तंभाजवळ महाकाळीच्या रांगेत उभा राहणारा प्रत्येक माणूस, कुठल्याही जातीधर्माचा असो, रोज एक मराठी शब्द उच्चारतो.

आमची गाडी रावपुऱ्यात होती. प्लेट दीड रुपयाला. पण मी त्या गाडीवर पोचलो कसा, ते सांगायचं आहे, आणि ते सांगायला मला चाळीस वर्षं लागली आहेत.

मेसच्या गोड डाळीला कंटाळून मी दांडिया बाजारातली एक खाणावळ शोधली. जुन्या वाड्यात, लाकडी जिना चढून वर. काकू एकट्या स्वयंपाक करायच्या. पाटावर बसून जेवण, पोळी तव्यावरची, आमटी आंबट-तिखट. दोन वेळचे महिन्याला दीडशे रुपये, आगाऊ. पहिल्या दिवशी काकूंनी माझं आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि म्हणाल्या, "ये हो उद्यापासून." मी हे मित्राला सांगितलं. तोही कलाभवनातून चालत दहा मिनिटांवर. म्हटलं, चल, तुझीही सोय होईल.

दुसऱ्या दिवशी मी आधी जाऊन बसलो होतो. तो थोड्या वेळाने आला. काकूंनी विचारलं, "आडनाव काय म्हणालास?" त्याने सांगितलं. "गाव?" सांगितलं. काकू जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "आत्ता जागा नाही रे. पुढच्या महिन्यात बघू."

माझ्या शेजारचा पाट रिकामा होता. मी त्याच्यासाठीच धरून ठेवला होता.

"बरं काकू," म्हणाला आणि जिना उतरून गेला. माझ्या हातात अर्धी पोळी होती. ती मी खाल्ली. मग भात घेतला. ताकही घेतलं. गप्प राहिलो एवढंच नाही, मी ते वर्ष संपेपर्यंत तिथेच जेवलो. पैसे आगाऊ दिले होते, असं पहिल्या महिन्यात मी स्वतःला सांगत होतो. पुढच्या महिन्यांसाठी काय कारण सांगितलं ते आठवत नाही.

त्याने विषय काढला नाही. त्या संध्याकाळी होस्टेलवर आला आणि म्हणाला, "चल, एक जागा सापडलीये." तीच ही रावपुऱ्यातली गाडी. एक लांब लाकडी बाकडं. त्यावर कोर्टातला कारकून, रिक्षावाला, टोपीवाला बोहरी, कॉलेजची पोरं, सगळे कोपर सांभाळून बसलेले. गाडीवाल्याने एकच विचारलं, "तीखुं के मीडियम?" मित्र माझ्याकडे बघून हसला. मला तेव्हा हसणं कळलं नाही.

सप्टेंबरची एक संध्याकाळ. पाऊस थांबलेला, कमाटी बागेतल्या बाकावर आम्ही भाजलेल्या शेंगा खात बसलो होतो. छोट्या आगगाडीची शिट्टी वाजत होती, पोरं ओरडत होती. तो म्हणाला, "बाबासाहेब याच बागेत बसले होते, माहितीये?" मला माहीत नव्हतं. शाळेत एवढंच शिकलो होतो की महाराजांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली. पुढचं त्याने सांगितलं, जे त्याने त्याच्या वडिलांकडून ऐकलं होतं. १९९० साली बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुस्तिकारूपाने छापलं गेलं, आणि बऱ्याच वर्षांनी मी ते त्यांच्याच शब्दांत वाचलं.

महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते अमेरिकेला गेले. करारात परत येऊन बडोदा सरकारची नोकरी करायची अट होती. त्याप्रमाणे १९१७ च्या सप्टेंबरात ते इथे आले. वय २६, कोलंबिया विद्यापीठाची पदवी, महालेखापालाच्या कचेरीत नोकरी. आणि राहायला जागा नाही. हिंदू हॉटेलात घेणार नाहीत हे ठाऊक होतं. एका पारशी उतारघरात गेले, तर ते फक्त पारशांसाठी. शेवटी वहीत पारशी नाव लिहायचं ठरलं आणि जागा मिळाली. राहण्या-जेवण्याचे दिवसाला दीड रुपया.

अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले लोक जिना चढून आले. संध्याकाळच्या आत खोली सोड, म्हणाले. बाबासाहेब दोन मित्रांकडे गेले, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या परीने नाही म्हटलं. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले तास काढायचे कुठे? तर कमाटी बागेत. तिथे बसून त्यांना आई-वडिलांची आठवण आली, असं त्यांनी लिहिलंय. आठ वाजता ते उठले, सामान घेतलं आणि निघाले. निरोप घेताना उतारघराचा रखवालदार आणि ते, दोघांनाही एक शब्द बोलता आला नाही.

मंडळी, आपण महाराजांचा अभिमान बाळगतो आणि बाळगावाच. अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढणारा, शिष्यवृत्ती देऊन परदेशी पाठवणारा राजा. पण राजाला कॉलेज बांधता आलं, बाग करता आली, सक्तीचा कायदा करता आला. लोकांच्या घरातला पाट त्याच्या हुकमात नव्हता. तो तुमच्या-आमच्या हातात होता. १९१७ मध्येही आणि १९८३ मध्येही.

बागेत ते ऐकून मी म्हणालो, "त्या दिवशी खाणावळीत मी काही बोललो नाही." तो शेंगा सोलत होता. म्हणाला, "तुझी पोळी गार झाली असती." एवढंच. चिडून म्हणाला का थट्टेने, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.

आता त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात. दर २३ सप्टेंबरला दुरून लोक येतात, वडाला नमस्कार करतात. माझा मित्र सरकारी नोकरीतून निवृत्त झाला. गेल्या सप्टेंबरला तोही आला होता. उतरला माझ्याच घरी. बायकोने पुरणपोळी केली. संध्याकाळी म्हणाला, "चल, गाडीवर जाऊ." मूळ गाडीवाला नाही, त्याचा मुलगा आहे. बाकडं जाऊन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्यात. प्रश्न तोच, "तीखुं के मीडियम?" पैसे मी काढायच्या आत त्यानेच दिले.

भाचीला पाठवलेली यादी थोडक्यात: सकाळी सेंट्रल लायब्ररी, दुपारी देवमासा, संध्याकाळी सूरसागर, उत्तरायणाला आपली गच्ची. खायला सेव उसळ, पहिल्यांदा मीडियमच सांग. पैसे संपले तर लीलो चेवडो. जेवणाची खाणावळ लावशील तर आधी जाऊन बघ, आणि मैत्रिणीला सोबत ने. तिचं आडनाव विचारून कुणी जागा नाही म्हणालं, तर तूही उठ. पैसे मामाकडून घे.

दांडिया बाजार, रावपुऱ्यात ज्यांच्या घरी तेव्हा खाणावळी होत्या त्यांनी रागावू नये. काकूंनी मला तापात मऊ भात करून वाढलाय, तेही मी विसरलेलो नाही. पण हेही घडलं होतं आणि मी तिथे बसलेला होतो. तुमच्यापैकी कुणी जिना उतरून गेलं असेल, तर ते तुम्ही सांगा. मी फक्त वर बसलेल्याचं सांगू शकतो.