नाव ना गाव, राजाचा पाहुणा

आजची गोष्ट फ्रान्सच्या दरबारातली, पावणेतीनशे वर्षांपूर्वीची.

पंधराव्या लुई राजाकडे सेंट जर्मेन नावाचा सरदार येऊ लागला. अंगावर हिरे, हाती व्हायोलिन, जिभेवर कितीतरी भाषा. हिऱ्यातला डाग काढून देतो म्हणायचा. खरं नाव, जन्मगाव मात्र कधीच सांगितलं नाही. तरी १७५८ मध्ये राजाने कापडाचे रंग बनवायला त्याला शांबोरचा राजवाडा दिला!

माहिती नसली की अफवा पिकतात. हा शेकडो वर्षांचा आहे, मरतच नाही, असं लोक बोलू लागले. पॅरिसमधला एक नकल्या त्याचं सोंग घेऊन थापा मारायचा. त्याही याच्याच नावावर जमा झाल्या.

१७६० मध्ये हॉलंडमध्ये तहाची बोलणी करताना मंत्र्याने अटकेचा हुकूम काढला. तो इंग्लंडला पळाला. अखेर आजच्या जर्मनीतल्या एकर्नफर्डे गावी २७ फेब्रुवारी १७८४ ला वारला. चर्चच्या वहीत तशी नोंद आहे. तरीही 'तो आम्हाला भेटला' म्हणणारे पुढेही निघतच राहिले.

गाव न सांगणाऱ्यालाही राजाने राजवाडा दिला, बायांनो. आपल्या दारी दागिने उजळून देणारा आला, तर आपण विचारायचं. आणि दागिना हातातून सोडायचा नाही.