पाहुणचार : स्वभाव की व्यवस्था?

एकाच देशात आतिथ्याच्या रीती प्रांतागणिक बदलतात, हे आपण सहज मान्य करतो. कारण मात्र माणसांच्या स्वभावात शोधतो. वऱ्हाडी माणूस अघळपघळ, पुणेकर हातचे राखून वागणारा, कोकणी माणूस फणसासारखा, ही विशेषणे मराठी विनोदी लेखनात रूढच आहेत. इतिहास पाहिला तर स्वभावाहून व्यवस्थेचा वाटा मोठा दिसतो.

पुण्याचेच उदाहरण घेऊ. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि श्रावणातील रमण्यात दक्षिणा वाटणारा दरबार गेला. पुढे नोकरी आणि शिक्षण हे या शहराचे मोठे आधार झाले. वाड्यातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, ठरावीक पगारात, आग्रहाला मर्यादा पडणारच. परंतु अशाच घरांनी गरीब विद्यार्थ्यांना माधुकरी घातली, वार लावून जेवू घातले : सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. तेथे आग्रह नसेल, पण पान ठरलेले असे. चिक्कू म्हणून हिणवलेल्या शहराचे हे आतिथ्य नेमाचे होते.

तथापि हे पान मुख्यतः ब्राह्मण विद्यार्थ्यासाठीच मांडले जाई. इतर जातींतील मुलांनी शहरात शिकायला येऊन जेवायचे कोठे? राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांना जे बळ दिले, ते या प्रश्नाचेच उत्तर होते.

कोकणात पाहुणा घाट-पाणंद तुडवून दारी आला की प्रथम गूळपाणी पुढे येई. त्याच कोकणात महाडचे चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्ये केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी त्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांना सत्याग्रह करावा लागला. पुण्यात महात्मा फुल्यांनी १८६८ मध्येच आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. पाणी देणे हे आतिथ्याचे पहिले अंग मानले, तर एकोणिसाव्या शतकातील पुणेरी आतिथ्याचा इतिहास लिहिताना या हौदाला आरंभीच स्थान द्यावे लागेल.

प्रांतोप्रांतीच्या पाहुणचाराची तुलना करताना पानात काय वाढले, किती आग्रह झाला, याची नोंद आपण रसाळपणे करतो. ते पान कोणासाठी मांडले होते आणि उंबरठ्याबाहेर कोण उभे होते, याची नोंद दलित आत्मकथनांनी केली. साहित्याच्या वर्गात या दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत.